बरणीतलं पाणी

यादव बैसाणे आठ वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. त्यानंतर त्याला थोरल्या भावाने, देवचंदने वाढवलं. देवचंद शिरपूरला वीज मंडळात वायरमन होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत गेलेल्या तारा तो सांभाळायचा. खांबावर चढण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्याने यादवला आयटीआयला घातलं आणि पुढे यादव वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासनीस म्हणून लागला. नेमणुकीचं पत्र घेऊन तो भावाला शोधत गेला तेव्हा देवचंद खांबावरच होता. यादवने खालून ओरडून सांगितलं, तर देवचंदने वरूनच डोक्यावरची टोपी हवेत फेकली आणि रस्त्यावरची माणसं वर बघत हसली.

एक्क्याण्णवच्या दिवाळीपासून देवचंदच्या शौचातून रक्त जायला लागलं. सगळ्यांनी मूळव्याध ठरवली. सहा महिने त्याने ताक आणि झाडपाल्याची औषधं घेतली. शेवटी त्याच्या बायकोने, कलाबाईने, हट्ट धरला आणि धुळ्याच्या डॉ. बोरशांना दाखवलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. मोठ्या आतड्यात गाठ होती. कॅन्सर हा शब्द त्यांनी यादवलाच आधी सांगितला आणि लगेच म्हणाले, "लहान आहे. वेळेवर आलात असं वाटतं. काढून टाकू."

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी देवचंदने यादवचा हात धरला. घरात ते अहिराणीच बोलत आणि यादव त्याला नाना म्हणायचा.

"डॉक्टर जे सांगतीन ते तू कर. तुन्हावर मन्हा इस्वास शे."

अकराच्या सुमारास डॉ. बोरसे मास्क गळ्यात लोंबकळवत बाहेर आले. त्यांच्या मागून हसीनाबी आली. ती तिथल्या ऑपरेशन थिएटरमधली आया. पन्नाशीची, सडपातळ, अकरा वर्षं तिथेच काम करणारी. तिच्या हातात झाकणाची मोठी बरणी होती. आत डॉक्टरांनी काढलेला आतड्याचा तुकडा, त्याला चिकटलेली पिवळी चरबी, आणि वरपर्यंत भरलेलं फॉर्मालीन.

"हे आजच जळगावला न्यायचं," डॉक्टर म्हणाले. "डॉ. नेहेते म्हणून पॅथॉलॉजिस्ट आहेत. ही चिठ्ठी. शनिवारी दवाखाना दोनला बंद होतो, पण मी फोन केलाय. वरच्याच मजल्यावर राहतात, बेल वाजवा. आणि ऐका, बरणीतलं औषध सांडायचं नाही. सांडलं तर वाटेत जो सरकारी दवाखाना लागेल तिथे चिठ्ठी दाखवून फॉर्मालीन मागा. पाणी घालू नका. औषध नसलं की हे मांस सडतं."

"इतकं काय असतं साहेब त्यात? गाठ तर निघाली."

"निघाली. पण परत येईल की नाही, ते यात आहे," डॉक्टर म्हणाले. "गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, आणि या चरबीत डाळीच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात त्यांत शिरली का, हे नेहेते सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. ग्रंथी स्वच्छ असल्या तर चारातल्या तिघांना पुन्हा काही होत नाही. त्यात शिरली असेल तर जवळजवळ निम्म्यांना परत येते. त्यावर पुढचं औषध ठरतं."

यादवला हे पटकन समजलं. कारखान्यात तोही हेच करायचा. हजारोंच्या ढिगातून मोजके नग उचलायचे, तपासायचे, आणि त्यावरून सगळ्या ढिगाचं ठरवायचं. नमुना बिघडला तर ढिगाबद्दल कुणीच काही बोलू शकत नाही, हे त्याच्या साहेबाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

हसीनाबीने बरणी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "उभीच धरा हां भाऊ. आडवी नका करू."

एसटीत गर्दी होती. बरणी त्याने मांडीवर धरली. मुकटी मागे पडलं तेव्हा उन्हाने पत्रा तापला होता आणि यादवला, तीन रात्रींचा जागा, डुलकी लागली. गाडी एका खड्ड्यातून गेली आणि बरणी शेजारच्या बाकाच्या लोखंडावर आपटली. झाकणाला तडा गेला. पँट भिजल्यावर त्याला जाग आली. वासाने लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. एक बाई पदर नाकाला लावून ओरडली. कंडक्टर आला, पिशवीत डोकावला आणि मागे सरला.

"काय आहे हे? ॲसिड? उतरा, उतरा खाली."

पारोळ्याच्या स्टँडवर त्याला उतरवलं. कडुनिंबाखाली बसून त्याने बरणी उघडली. निम्म्याच्यावर औषध गेलं होतं आणि तुकडा अर्धा उघडा पडला होता. उरलेल्याच्या वासाने त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले. सरकारी दवाखाना कुठे आहे ते त्याने पानवाल्याला विचारलंसुद्धा. गावात, दहा मिनिटं चालत, असं उत्तर आलं. तेवढ्यात जळगावची गाडी स्टँडवर लागली. पिशवीतून असा वास येत असताना या गाडीतही कुणी बसू देणार नाही, हे त्याला दिसत होतं.

मग त्याने ते केलं. उरलेलं फॉर्मालीन झाडाच्या बुंध्याशी ओतलं. स्टँडवरच्या हॉटेलच्या माठातलं पाणी बरणीत काठोकाठ भरलं, तडा गेलेल्या झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी ताणून सुतळीने आवळलं आणि धावत गाडी पकडली. दोन तासांचा तर प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

जळगावला पोचला तेव्हा चार वाजले होते. डॉ. नेहेत्यांच्या दवाखान्याचं शटर बंद होतं. बाजूने वर जायचा जिना होता. यादव पाच-सहा पायऱ्या चढला. वर रेडिओ चालू होता आणि कुणीतरी हसत होतं. तिथे तो थांबला. डॉक्टर बरणी उघडतील, पाणी बघतील, विचारतील. काय सांगायचं? कारखान्याच्या दवाखान्यात फॉर्मालीन मिळेल, ते भरू आणि सोमवारी आणून देऊ, असं त्याच्या मनात आलं आणि त्या विचाराचा त्याला आधार वाटला. तो पायऱ्या उतरला.

घरी वरणगावला त्याने बरणी मोरीतल्या थंड कोपऱ्यात ठेवली. कारखान्याचा दवाखाना रविवारी बंद असतो हे त्याला माहीत होतं. तरी तो फाटकापर्यंत गेला आणि परत आला. त्या दिवशी भुसावळकडे पारा शेहेचाळीसवर होता.

सोमवारी कारखान्याच्या दवाखान्यात फॉर्मालीन मिळालं नाही, तशीच बरणी घेऊन तो जळगावला गेला. डॉ. नेहेत्यांनी सुतळी सोडली आणि तोंड फिरवलं. मग पुन्हा वाकून पाहिलं. साधा, हळू बोलणारा माणूस. आवाज चढला नाही, म्हणून यादवला जास्तच भीती वाटली.

"अहो, हे पाण्यात कुणी ठेवलं?"

"मला काय माहीत साहेब. तिकडूनच असं दिलं."

"फॉर्मालीन नव्हतंच?"

"मी उघडून पाहिलं नाही."

"आणि शनिवारी दिलेली बरणी आज?"

"शनिवारी आलो होतो. शटर बंद होतं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. "दोन दिवस उशिराने काही बिघडलं नसतं. फॉर्मालीनमध्ये महिनाभर राहतं हे. पाण्याने घात केला." त्यांनी फोन उचलला आणि धुळ्याचा नंबर फिरवला. यादव समोर उभा राहून ऐकत होता. "बोरसे, तुमच्याकडून बरणीत पाणी भरून आलंय... हो, साधं पाणी... नातेवाईक म्हणतात, तसंच दिलं." अजूनही बोलता आलं असतं. फोन चालू होता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

आठ दिवसांनी रिपोर्ट धुळ्याला आला. डॉ. बोरशांनी यादवला आणि कलाबाईला समोर बसवलं. गाठ कॅन्सरचीच होती. भिंतीच्या स्नायूंत शिरलेली, बहुधा पार न गेलेली. पण ग्रंथी सडल्या होत्या. अकरा सापडल्या, अकरांतली एकही वाचता आली नाही. मत देता येत नाही, असं शेवटच्या ओळीत होतं.

"म्हणजे परत येईल का नाही?" कलाबाईने विचारलं.

"ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, ताई. काढलेलं मांस एकच असतं. दुसरं कुठून आणू?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "ग्रंथी स्वच्छ असत्या तर मी घरी पाठवलं असतं. आता धोका पत्करवत नाही. वर्षभर दर आठवड्याला इंजेक्शन, आणि सोबत गोळ्या. जंतांवरच्याच गोळ्या आहेत, पण या इंजेक्शनबरोबर दिल्या तर उपयोग होतो असं अलीकडे दिसलंय. त्रास होईल. कदाचित विनाकारण होईल. माझी माफी मागायची वेळ आहे, कारण चूक माझ्या दवाखान्यात झाली. त्या बाईला मी काढून टाकलंय."

"कोणत्या बाईला?" यादवने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"हसीनाबी. शपथा घेत होती. पण बरणी तिनेच भरली."

"हात झडोत तिचे," कलाबाई म्हणाली आणि रडायला लागली.

यादव पाणी आणतो म्हणून उठला. बाहेर बाकावर बराच वेळ बसला. आत जाऊन सांगावं, असं त्या दिवसापासून त्याला रोज वाटलं. रोज कारण सापडलं. नानाचे टाके ओले आहेत. नानाला आता धक्का नको. पहिलं इंजेक्शन होऊ दे. रिपोर्ट तर आता बदलत नाही. हे शेवटचं कारण खरं होतं, म्हणून ते सगळ्यांत जास्त दिवस टिकलं.

इंजेक्शनं सुरू झाली. दर सोमवारी कलाबाई नवऱ्याला शिरपूरहून धुळ्याला आणायची. यादव महिन्यातून दोनदा रजा काढून यायचा. देवचंद वाळत गेला. तोंडात फोड आले. झणझणीत शेवभाजीशिवाय ज्याचं पान हलत नसे, तो माणूस गार पेजेचा घोट डोळे मिटून गिळायचा.

"तोंड बठ्ठं सोलाई गयं, भो," तो हसून म्हणायचा. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

ऑगस्टमध्ये तो खांबावर चढला आणि अर्ध्यावर त्याचे पाय थरथरले. दोघांनी धरून उतरवला. मंडळाने त्याला तक्रार खिडकीत बसवलं. दिवसभर लोकांच्या तक्रारी वहीत उतरवायच्या आणि दुसऱ्यांना खांबावर पाठवायचं. ते त्याने यादवला सांगितलं नाही, कलाबाईने सांगितलं.

नोव्हेंबरात त्याला जुलाब लागले ते थांबेनात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि धुळ्याला भरती करावं लागलं. यादव सलाईनच्या बाटलीकडे बघत खाटेशी बसला होता. देवचंद छताकडे बघत हळू बोलला. शिवी तो कधी देत नसे. त्या दिवशी त्याने हसीनाबीचं नाव घेऊन शिवी दिली. "एक वाटी औषध टाकतास तिन्हा काय जातं व्हतं?"

यादव उठला. वॉर्डातल्या दुसऱ्या आयाला त्याने हसीनाबीचा पत्ता विचारला.

ती एका पिंजाऱ्याच्या दुकानाच्या मागच्या शेडमध्ये गाद्या भरत होती. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. तिने तोंडावर ओढणी बांधली होती तरी खोकत होती. यादवला तिने लगेच ओळखलं.

"बरणीवाले ना तुम्ही? भाऊ कसा आहे?"

तो कापसाच्या ढिगाशी खाली बसला आणि सगळं सांगितलं. पारोळ्याचं झाड, माठातलं पाणी, जिन्याच्या पायऱ्या, फोन. मधे तो थांबला तर ती "पुढे?" एवढंच म्हणायची. संपल्यावर तिने हातातली सुई गादीत खोचली.

"साहेबासमोर मी कुराणाची शपथ घेतली," ती म्हणाली. "अकरा वर्षांत एक बरणी माझ्या हातून चुकली नाही. नंतर घरी बसून मलाच वाटायला लागलं, की नळाखालची बादली आणि औषधाची कॅन, मीच कुठे गफलत केली असेल. सहा महिने मी माझ्या हातांवर संशय घेतला, भाऊ."

"मावशी, मला माफ..."

"ते इथं नको." ती त्याला मध्येच तोडून म्हणाली. "मी औषधच भरलं होतं, एवढं मला आज कळलं. जिथं खोटं बोललात तिथं जाऊन खरं बोला. तुमच्या घरातही."

त्याच दुपारी यादव डॉ. बोरशांच्या खोलीत गेला. ऐकताना डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून परत ठेवला.

"पारोळ्याहून एक फोन केला असता तर नेहेते स्वतः गाडी घेऊन आले असते. तुमचा भाऊ होता तो!"

"हो साहेब."

"मी तुम्हाला एकदाही उलटून विचारलं नाही," डॉक्टर जरा वेळाने म्हणाले. आवाज खाली आला होता. "तिला दहादा विचारलं. तुम्ही इस्त्रीची पँट घालून आला होता, फॅक्टरीतले. तुमचं खरं धरलं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पिंजाऱ्याकडे गेले. हसीनाबीने एकच अट घातली, की सगळ्या स्टाफसमोर सांगायचं. त्यांनी तसं सांगितलं. यादव तिथे उभा होता. त्याच्याकडे बघून एक नर्स दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. हसीनाबी कामावर परत आली. पण खोकला तिच्याबरोबरच आला आणि पुढेही राहिला. यादवशी ती त्यानंतर कधी बोलली नाही. तो वॉर्डात दिसला की ती हातातलं काम करत राहायची.

देवचंदला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. कलाबाई समोर बसली होती. तिने ऐकलं आणि ती खोलीबाहेर निघून गेली. देवचंदने बराच वेळ डोळे मिटून ठेवले. झोपला असं यादवला वाटलं.

"तव्हयच काब्र सांगं नही?"

"भीती वाटनी, नाना."

"कशानी? मन्ही?"

भावाची भीती त्याला कधीच वाटली नव्हती. वर खांबावरून टोपी फेकणारा तो माणूस आपल्याकडे कसा बघेल, याची वाटली होती. हे त्याने सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द नीट आले नाहीत. देवचंदने तोंड भिंतीकडे केलं.

इंजेक्शनं पुढे चालू राहिली. पुढचे सहा महिने यादव दर सोमवारी आला. देवचंद त्याच्याशी जरुरीपुरतं बोलायचा. गाडी आली, छत्री घे, नंबर आला. कलाबाई त्याच्या ताटात भाकरी वाढायची, पण आधी जसं "आणखी घ्या भाऊ" म्हणायची तसं म्हणत नव्हती. त्याला ते योग्यच वाटायचं. मेमध्ये शेवटचं इंजेक्शन झालं. देवचंदचं वजन हळूहळू भरलं, पण खांबावर तो परत चढला नाही.

दर वर्षी तपासणी व्हायची. पोटाची सोनोग्राफी, दुर्बीण. सत्त्याण्णवच्या मेमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली. डॉ. बोरशांनी कागद खाली ठेवले आणि देवचंदशी हात मिळवला. "आता वर्षातून एकदा सहज येऊन जा. सुटलात."

यादवच्या तोंडून प्रश्न निघालाच. "म्हणजे साहेब, ग्रंथी स्वच्छच होत्या?"

डॉक्टरांनी मान हलवली. "स्वच्छ असतील, तर ते वर्ष उगीच गेलं. नसतील, तर त्या वर्षाने यांना वाचवलं. दोन्ही खरं असू शकतं. कुठलं ते मला माहीत नाही आणि कधीच कळणार नाही."

शिरपूरच्या गाडीत दोघे भाऊ शेजारी बसले. कंडक्टर तिकिटं फाडून गेला. गाडीने तापी ओलांडली. मग देवचंद खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, आणि यावेळी तो अहिराणीत बोलला नाही. जणू तक्रार खिडकीवर आलेल्या माणसाशी बोलावं तसं नेटकं बोलला.

"तुला वाटत असेल, मी केव्हाच विसरलो. विसरलो नाही. सुई टोचली की दर वेळी तुझं नाव मनात यायचं, आणि ते चांगल्या अर्थाने यायचं नाही. मलाच त्याची लाज वाटायची. तुला कडेवर घेऊन फिरलेलो मी."

"नाना, तुम्ही मारायला हवं होतं मला."

"त्याने काय झालं असतं?"

देवचंदने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात आता कारकुनाच्या हातासारखा मऊ झाला होता, वायरमनचे घट्टे त्यावर उरले नव्हते. यादवला ते जाणवलं आणि त्याने मान खाली घातली.

घरी कलाबाई दारातच उभी होती. "सुटलो," देवचंदने लांबूनच सांगितलं. ती पदराने डोळे पुसत आत वळली आणि दोघांची ताटं मांडली. यादव उंबऱ्यातच रेंगाळला. रात्रीची गाडी पकडतो, सकाळी पहिली पाळी आहे, असं काहीतरी तो पुटपुटत होता.

"चाल, जेवाले बठ," देवचंद म्हणाला.

यादव हातपाय धुऊन आला आणि भावाच्या शेजारच्या पाटावर बसला.